जुना सात नंबर, नवा सात नंबर

गोल्फ म्हटलं की बेळगावातल्या बहुतेकांना 2022 चा ऑगस्ट आठवतो. रेसकोर्सकडच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याकडच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले गेले. आपल्या गावात गोल्फ खेळतात हे कित्येकांना तेव्हाच कळलं. मी तरुणपणी खेळत होतो. मग उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या पाळ्या सुरू झाल्या आणि पिशवी माळ्यावर गेली. निवृत्तीनंतर ती खाली काढली तेव्हा क्लबांच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांच्या, ग्रिपांचं (मुठींचं) रबर दगडासारखं झालं होतं.

तीन फेऱ्यांतच मनगट धरलं. सोबत पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, ‘‘हात बरा हाय की सर तुमचा. शाफ्ट जड पडालीय बघा.’’ त्याचं बरोबर होतं. पण नुसती शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, बदलू, की अख्खा सेट घेऊ? ओतकामात आयुष्य गेलेला माणूस धातूची वस्तू मोजल्याशिवाय विकत घेत नाही, म्हणून मी मोजायला बसलो.

सुरुवात चेंडूपासून. नियमाप्रमाणे त्याचं वस्तुमान 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही. ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचं, डोकं साधारण 200 ग्रॅमचं. दोघांचा स्पर्श टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. हाताला फटका जाणवतो तोवर चेंडू निघून गेलेला असतो, त्यामुळे त्या क्षणी हातानं काही सुधारता येत नाही. राहते ती निव्वळ टक्कर, आणि तिचं गणित अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं आहे. फेसची, म्हणजे डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूची, उसळी मोजणाऱ्या गुणांकाला नियमानं साधारण 0.83 ची मर्यादा आहे. हे आकडे सूत्रात घातले की उत्तर येतं 1.49. म्हणजे डोकं ज्या वेगानं येतं त्याच्या जास्तीत जास्त दीडपट वेगानं चेंडू सुटतो. क्लब पाच हजारांचा असो की साठ हजारांचा, नेमक्या मध्यावर बसलेल्या फटक्यात ही दीडपट ओलांडता येत नाही. मोठ्या कंपन्यांचे ड्रायव्हर या मर्यादेला टेकून आता वीसेक वर्षं झाली. दहा वर्षांपूर्वीचा, चांगल्या अवस्थेतला वापरलेला ड्रायव्हर घ्यायला म्हणूनच मला काहीच गैर वाटत नाही.

मग नव्या क्लबांत सुधारलं काय? सुधारली ती चूक सांभाळून घेण्याची ताकद. उद्यमबागेत हे कुणाला वेगळं समजवावं लागणार नाही. फ्लायव्हील ओतताना आपण लोखंड कडेला का ठेवतो? तेवढ्याच वजनात जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, वाढावं आणि चाक सहजासहजी डगमगू नये म्हणून. क्लबच्या डोक्यातही हेच केलेलं असतं. मध्याबाहेर लागलेला चेंडू डोक्याला पिळतो, आणि डोकं जितकं फिरेल तितका वेग वाया जातो, दिशाही बिघडते. पूर्वीची लाकडी डोकी भरीव असत. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सहा-दशांशाच्या आतबाहेर, त्यामुळे पातळ भिंतींचं मोठं पोकळ डोकं करता आलं आणि वाचलेलं वजन कडेला नेता आलं. आकाराला आता 460 घनसेंटिमीटरची मर्यादा आहे, जडत्व आघूर्णाला 5900 ग्रॅम चौरस सेंटिमीटरची.

मी कागदावर हिशेब केला. मध्यापासून दोन सेंटिमीटर बाजूला बसलेला फटका धरला. आघूर्ण 2000 असेल तर चेंडूचा वेग सुमारे 7 टक्के घटतो, 5000 असेल तर 3 टक्के. दोनशे मीटरच्या फटक्यात हा फरक ढोबळमानानं आठ मीटरचा. पुढं आडवा ओढा असेल तर आठ मीटर फार झाले.

आता प्रश्न असा, की आपला फटका मध्यापासून किती दूर बसतो? हे आठवणीतून सांगता येत नाही. तीस वर्षांपूर्वीचे चांगले फटके लक्षात असतात, वाईट विसरलेले असतात. मी खडूची पूड पाण्यात कालवून फेसवर पातळ लावली, वाळू दिली आणि वीस चेंडू मारले. प्रत्येक फटक्यानंतर डाग मोजपट्टीनं मोजला, वहीत उतरवला, पुन्हा पूड लावली. डाग टोकाच्या बाजूला आणि खाली पसरलेले निघाले, काही तर मध्यापासून तीन सेंटिमीटरवर. त्या वहीपुढं माझ्या जुन्या ब्लेड आयर्नांचा, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याच्या क्लबांचा, मोह संपला. पाठ पोकळ करून कडेला वजन दिलेले आयर्न आता मला हवे होते. ते बहुतेक मेणाचा नमुना वितळवून केलेल्या साच्यात ओतलेले असतात. घडीव क्लबचा स्पर्श मऊ असतो असं अनेक खेळाडू ठामपणे सांगतात, पण कडेचं वजन हवं तिथं नेमकं बसवायला ओतकामासारखी सोय नाही, हे मी फाउंड्रीवाला म्हणून सांगतो.

आयर्न बघायला पुण्यातल्या एका दुकानात गेलो. विक्रेत्यानं नवा सात नंबरचा आयर्न हातात दिला आणि चेंडू माझ्या जुन्या सात नंबरपेक्षा दहा-बारा मीटर पुढं पडला. खूश होऊन पैसे काढायच्या आधी मी माहितीपत्रक मागितलं. फेसचा कोन, ज्याला लॉफ्ट म्हणतात आणि जो कमी असला की चेंडू लांब जातो, 29 अंश होता. माझ्या जुन्या सात नंबरचा 35. म्हणजे हातात आकडा सातचा, पण कोन जवळजवळ जुन्या पाच नंबरचा! क्लबवरच्या आकड्याला कुठलंच प्रमाणीकरण नाही. यात सगळीच फसवणूक आहे असंही नाही. वजन खाली आणि मागं नेल्यामुळे नवा क्लब कमी कोनातूनही चेंडू उंच उचलतो. पण तुलना करायची ती अंशांशी अंशांची. याचा फटका बसतो वेजला, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या, जास्त कोनाच्या क्लबांना. नव्या सेटमधला पिचिंग वेज 43-44 अंशांचा असतो आणि तुमचा जुना सँड वेज 56 चा. मधल्या बारा अंशांत एक मोठी फट राहते, तिथं साधारण 50 अंशांचा क्लब लागतो. तो धरूनच खर्च मोजा. पिशवीत 14 क्लबांची मर्यादा आहेच.

शाफ्टबद्दल कॅडी बोलला ते सगळ्यात आधी करायला हवं होतं. आयर्नची स्टील शाफ्ट सहसा शंभर ग्रॅमच्या वर, ग्रॅफाइटची साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत मिळते. अठरा होलांत सरावाच्या झुलींसकट क्लब शंभराहून जास्त वेळा फिरतो. शेवटच्या होलांवर खांदा थकला की डाग आणखी पसरतात, हेही वहीत दिसलं. ग्रॅफाइट हाताला पोचणारी थरथरही कमी करतं. वयानं मनगट धरणाऱ्याला हे फार मोलाचं आहे.

आपल्या जागेचाही थोडा विचार लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के विरळ, त्यामुळे चेंडूला अडथळा कमी आणि तो काही टक्के लांब जातो. इथं ठरवलेली अंतरं घेऊन गोव्यात खेळायला गेलात तर चेंडू अलीकडेच पडेल. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. आयर्नच्या फेसवरच्या खाचा टायरच्या नक्षीसारख्या पाणी आणि गवताचा रस बाजूला सारतात. त्या लाल मातीनं बुजल्या तर चेंडूला उलटी फिरकी मिळत नाही, आणि तो हिरवळीवर पडून थांबायच्या ऐवजी पुढं घरंगळतो. जुना टूथब्रश पिशवीत ठेवा.

शेवटी वापरलेला ड्रायव्हर, ओतीव आयर्नांचा ग्रॅफाइट शाफ्टचा सेट आणि 50 अंशांचा एक वेज घेतला. पटर, म्हणजे चेंडू होलात ढकलायचा क्लब, जुनाच आहे. त्याच्या फेसवरचे डागही मोजले होते, सगळे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. त्याची फक्त ग्रिप बदलून घेतली.