द्रव्य : गुणधर्म, वर्गीकरण आणि अवस्था

ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते, त्याला द्रव्य म्हणतात. दगड, पाणी, हवा, रक्त, धूर ही सारी द्रव्याची रूपे होत. प्रकाश, उष्णता आणि आवाज मात्र द्रव्य नव्हेत. हा भेद आज सोपा वाटतो, पण आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या आंत्वान लाव्हाझ्ये यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णता यांचाही समावेश होता.

महाराष्ट्रातील बहुतेक विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख पुण्यात १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतून होते. स्थायू, द्रव आणि वायू असे तीन रकाने आखून त्यांत पदार्थांची नावे भरणे हा या अभ्यासाचा नेहमीचा आरंभ असतो. आरंभ म्हणून तो योग्यच आहे. परंतु त्यातून अवस्था ही पदार्थाची कायमची ओळख आहे असा समज रुजला, तर पुढचे सगळे आकलन डळमळीत होते. अवस्था पदार्थाइतकीच तापमानावर आणि दाबावरही अवलंबून असते. गॅलियम या धातूचा द्रवणांक सुमारे ३० अंश सेल्सिअस आहे. पुण्यात जानेवारीच्या सकाळी तो स्थायू असेल आणि एप्रिलच्या दुपारी, पारा ३८ अंशांवर गेला की, द्रव. मग त्याचे नाव कोणत्या रकान्यात घालावे, याचे उत्तर तापमान सांगितल्याशिवाय देता येत नाही.

द्रव्याचे काही गुणधर्म त्याच्या प्रमाणावर अवलंबून असतात, उदाहरणार्थ वस्तुमान आणि आकारमान. तर घनता, द्रवणांक, उत्कलनांक यांसारखे गुणधर्म पदार्थाचा कण घेतला काय किंवा ढीग घेतला काय, सारखेच राहतात. पदार्थ ओळखायचा तो या दुसऱ्या प्रकारावरून. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम असते, मग ती तार असो वा घंगाळ. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने जे मठारकाम चालते, त्यात धातूची वर्धनीयता, म्हणजे ठोकल्यावर न तुटता पसरण्याचा गुण, डोळ्यांना दिसते. ठोक्यासरशी धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून पत्रा तडकण्याऐवजी वाकतो. ठोकत राहिल्याने तांबे हळूहळू ताठर होते आणि पुन्हा तापवले की मऊ पडते. या साऱ्या प्रक्रियेत तांबे तांबेच राहते, म्हणून हा भौतिक बदल. त्याच धातूच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली असता ती कळकते. तेथे आम्लाची धातूशी अभिक्रिया होऊन नवे पदार्थ तयार होतात, आणि हा रासायनिक बदल होय.

संघटनानुसार द्रव्याचे मूलद्रव्ये, संयुगे आणि मिश्रणे असे वर्ग पडतात. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात असून नेहमीच्या तापमानाला त्यांतील पारा आणि ब्रोमीन ही दोनच द्रव असतात. संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते, मिश्रणात ते बदलू शकते. पुण्याच्या टेकड्यांचा काळा बेसाल्ट हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून थिजून झालेला खडक आहे. हातात तो एकजिनसी वाटतो, पण भिंगाखाली त्यात निरनिराळ्या खनिजांचे कण दिसतात. म्हणजेच तो मिश्रण आहे. याच खडकाच्या पोकळ्यांत मात्र ठरावीक संघटनाची सुबक स्फटिकरूपी खनिजे सापडतात. वाघोलीच्या खाणींतून मिळणारे निळेभोर कॅव्हॅनसाइट जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे हे पाणी धरून ठेवणारे संयुग आहे. मिश्रणांतही द्रावण (घटक पूर्ण विरघळलेले), निलंबन (कण कालांतराने तळाशी बसणारे) आणि कलिल (सूक्ष्म कण न विरघळता पसरून राहणारे) असे प्रकार आहेत. दूध हे कलिल असून त्यातील स्निग्धांशाचे व प्रथिनांचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसते.

पदार्थ शुद्ध आहे की मिश्र, हे त्याच्या वितळण्यावरून बऱ्याचदा कळते. शुद्ध पदार्थ सहसा एका ठरावीक तापमानाला वितळतो. खोबरेल तेल हे अनेक स्निग्ध पदार्थांचे मिश्रण असल्याने त्याचे तसे होत नाही. पुण्याच्या थंडीत रात्री ते बाटलीत गोठते. सकाळी बाटली उन्हात ठेवली की कडेने पातळ होऊ लागते, पांढरा गोळा तळाशी राहतो आणि २४ अंशांच्या आसपास हळूहळू सारे तेल वितळते.

अवस्थांमागचे कारण रेणूंमधील आकर्षण आणि त्यांची गती यांच्या ओढाताणीत आहे. स्थायूत आकर्षण वरचढ असल्याने कण जागच्या जागी कंप पावतात. द्रवात ते एकमेकांना धरूनही जागा बदलतात, म्हणून द्रवाचे आकारमान कायम राहते पण आकार भांड्याचा येतो. वायूत ते जवळजवळ मोकळे असतात. एक लिटर पाण्याची वाफ समुद्रसपाटीच्या दाबाला सुमारे १,७०० लिटर जागा घेते. वाफेतील रेणू पाण्यातल्या रेणूंएवढेच असतात, वाढते ते फक्त त्यांच्यामधील अंतर.

दाबाचा परिणाम समजून घेण्यासाठी पुण्यातील प्रयोगशाळेत पाणी उकळून पाहण्यासारखे दुसरे साधन नाही. पाणी १०० अंशांना उकळते हे विधान समुद्रसपाटीच्या दाबापुरते खरे आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब कमी, आणि म्हणून पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. सिंहगडावर, १,३०० मीटरहून अधिक उंचीवर, ते ९६ च्याही किंचित खाली उकळते. तापमापीने ९८ दाखवले म्हणून तिला चुकीची ठरवून प्रयोगवहीत १०० लिहिणारा विद्यार्थी या धड्यातील सर्वांत मोलाची गोष्ट गमावतो. प्रेशर कुकरमध्ये उलट घडते : वाढलेल्या दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन व ब्युटेन हे एरवी वायू असले, तरी टाकीत दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात.

उकळताना कितीही आच दिली तरी खुल्या भांड्यातील पाण्याचे तापमान वाढत नाही, कारण ती उष्णता रेणूंना परस्परांपासून सोडवण्यात खर्च होते. हिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी, तर एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. माठाच्या पृष्ठभागावर झिरपलेले पाणी ही उष्णता माठातूनच घेऊन बाष्प होते आणि आतील पाणी गार पडते; पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे जितके चांगले साधते तितके कोकणच्या दमट हवेत साधत नाही.

भांड्यांना कल्हई लावताना अनेक अवस्था एकाच वेळी समोर येतात. तापलेल्या पितळी पातेल्याला कथलाची काडी टेकवताच कथील, ज्याचा द्रवणांक २३२ अंश आहे, पाण्यासारखे वाहू लागते आणि कापसाच्या बोळ्याने पातेलेभर पसरते. पितळ मात्र त्याच आचेवर स्थायूच राहते. सोबत टाकलेल्या नवसागराचा पांढरा धूर उठतो. नवसागर हे संप्लवनाचे, म्हणजे स्थायूचा थेट वायू होण्याचे, उदाहरण म्हणून शिकवले जाते. पण काटेकोरपणे पाहता उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटन होते आणि निवल्यावर ते पुन्हा संयोग पावतात. यातील हायड्रोजन क्लोराइडमुळे धातूवरील ऑक्साइडचा थर निघतो व कथील धरते. दिसणारा धूर हा वायू नसून पुन्हा तयार झालेल्या नवसागराचे सूक्ष्म स्थायू कण असतात. संप्लवनाचे निर्दोष उदाहरण हवे असेल तर कापूर घ्यावा.

तीन अवस्थांत न बसणारे द्रव्यही आहे. काच स्थायू असली तरी तिच्यातील कणांची मांडणी स्फटिकासारखी नियमित नसते. अतिउच्च तापमानाला अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून प्लाझ्मा बनतो. सूर्य आणि इतर तारे याच अवस्थेत आहेत. सत्येंद्रनाथ बोस आणि अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९२४-२५ मधील कार्यातून सुचलेले बोस-आइन्स्टाइन संघनित, म्हणजे असंख्य अणू जणू एकच अणू असल्यासारखे वागतात ती अवस्था, १९९५ साली अमेरिकेत रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) अगदी जवळ नेऊन प्रत्यक्षात आणले गेले. विरळपणाचे टोक म्हणजे ताऱ्या-ताऱ्यांच्या मधल्या अवकाशातील, मुख्यतः हायड्रोजनचा, वायू. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या अशा हायड्रोजनकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी टिपतात. त्या वायूत कित्येक ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम एखादा अणू असतो.