दाताचं दुखणं किती, दाताच्या नावावर किती

गेल्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूरला ताईकडे गेले होते. तिचं सात महिन्यांचं बाळ तुळईला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपायचं आणि मध्यरात्र उलटली की किंचाळत उठायचं. लाळेरं चिंब, मूठ तोंडात, डावा कान ओढून ओढून लाल. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर खालची हिरडी समोर फुगलेली आणि तिच्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढुरका ठिपका. सकाळी शेजारच्या कन्नड मावशी डोकावल्या आणि एका शब्दात सांगून मोकळ्या झाल्या, “हल्लु!” म्हणजे दात. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, “दात यालेत, आता ताप-जुलाब होणारच.”

दात येत होते हे खरंच. पण त्या ‘होणारच’मुळे किती बाळांना दवाखान्यात न्यायला उशीर झाला असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

दात हिरडी फाडून वर येतो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात उगवत्या दाताभोवती एक पातळ पिशवी असते. तिच्याकडून इशारा मिळाला की हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात आणि दाताच्या माथ्यावरचं हाड झिजवून वाट करतात. मग हिरडी पातळ होत जाते, सुजते, शिवशिवते. बाळ हाताला लागेल ते चावतं, कारण वरून दाब पडला की ठणका जरा दबतो. दिवसा खुळखुळा, अंगणातल्या कोंबड्या, येणारी-जाणारी माणसं यांत ते विसरतं. रात्री मन रमवायला काहीच नसतं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी 125 बाळांच्या पालकांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. 475 दातांच्या या नोंदी 2000 साली प्रसिद्ध झाल्या. चावणं, लाळ, चिडचिड, कान चोळणं, जागरण, अंग किंचित कोमट होणं हे सगळं दाताशी जुळलं, पण दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस एवढंच. 102 अंशांपुढचा ताप, उलट्या, जुलाब जुळले नाहीत.

मग जुलाब येतात कुठून? आईच्या पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती साधारण सहाव्या महिन्यापर्यंत ओसरत आलेली असते. नेमकं तेव्हाच नाचणीचं सत्त्व सुरू होतं आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात जाते. त्यात खानापूरचा पाऊस, गढूळ पाणी. अशा वेळी ओआरएस आणि डॉक्टर हवेत, दाताची वाट पाहणं नको.

हिरडीसाठी आम्ही मलमलचं धुतलेलं फडकं ओलं करून फ्रीजमध्ये गार केलं, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. स्वच्छ बोटाने हिरडी हळूच दाबली. बधिर करणारं जेल कुणी सुचवलं तरी ते लावू देऊ नका. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद धोकादायक प्रमाणात घटू शकते. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका असं बजावलं. लवंगेचं तेलही नको, आणि झोपेसाठी सहाणेवर उगाळलेलं जायफळही नको. किती पोटात गेलं याचा अंदाज राहत नाही.

राहिलं झोपवणं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी सात महिन्यांपर्यंतच्या 21 बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता चाललं की ते शांत होतं, बऱ्याचदा झोपतंही. पण लगेच खाली ठेवलं तर जागं होतं, आणि ते गादीच्या स्पर्शाने नाही, तर आईच्या अंगापासून सुटण्याच्या क्षणाने. म्हणून पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं, मग ठेवायचं.

ताईने तेच केलं. ओसरीतून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या, तोंडाने हलकं ‘जो जो’, जे मावशींच्या कन्नडमध्येही ‘जो जो’च आहे. मग भिंतीला टेकून बसणं. शेवटी झोळीत नाही, तर सपाट अंथरुणावर, उताणं. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडण्याची भीती असते, हे सासूबाईंना पटायला दोन रात्री लागल्या.

चौथ्या दिवशी सत्त्व भरवताना चमचा खालच्या हिरडीला लागला आणि टिक् असा आवाज आला. सासूबाईंनीच पुन्हा एकदा चमचा वाजवून पाहिला.