एका वळणावर दोन गळ

सोलापूरच्या कुठल्याही मोकळ्या गच्चीवर करता येण्याजोगा हा एक प्रयोग आहे. खडूने अडीच मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे, दीड मीटर लांबीच्या सुतळीला दगड बांधावा आणि सुतळीचे दुसरे टोक जमिनीलगत धरून त्या वर्तुळावरून सावकाश चालत राहावे. दगड आपल्या पावलांमागोमाग येईल असे वाटते, पण तसे होत नाही. तो आत सरकत जातो आणि एक-दोन फेऱ्यांनंतर दोन मीटर त्रिज्येच्या लहान वर्तुळावर स्थिरावतो. सुतळी दोन मीटरची घेतली, तर दगडाचे वर्तुळ दीड मीटरचे होते. ती अडीच मीटरची घेतली, तर आपण फिरत राहतो आणि दगड मात्र मध्याजवळ जवळजवळ थांबून जातो.

कारण शाळेतल्या भूमितीचेच आहे. दगड नेहमी सुतळीच्या दिशेने ओढला जातो, म्हणून सुतळी त्याच्या वर्तुळाची स्पर्शिका ठरते. स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यात काटकोन असल्यामुळे आपल्या वर्तुळाची त्रिज्या कर्ण होते आणि बाकीचे पायथागोरसचा सिद्धान्त सांगतो.

कायाकमागे, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीमागे, एकापेक्षा जास्त गळ ओढत मासेमारी करताना, म्हणजेच ट्रोलिंग करताना, जो गुंता होतो त्याचे मूळ या दगडात आहे. मोठ्या बोटीवर दोन्ही बाजूंना लांब काठ्या काढून गळांमध्ये अंतर राखता येते. कायाकची रुंदी मात्र जेमतेम 80 ते 90 सेंटिमीटर असते, त्यामुळे दोन्ही तंगूस, म्हणजे गळांच्या दोऱ्या, जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघतात. सरळ रेषेत जाताना त्यांची लांबी वेगळी ठेवली की काम भागते. खरी परीक्षा वळणावर होते.

समजा, उजवीकडचा तंगूस 15 मीटर आणि डावीकडचा 20 मीटर सोडला आहे, आणि कायाक 25 मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे. गच्चीवरचाच हिशेब दहापट मोठा करून लावला, तर जवळचे आमिष 20 मीटरच्या वर्तुळावर आणि लांबचे 15 मीटरच्या वर्तुळावर फिरेल. पाण्याच्या ओढीमुळे तंगूस थोडा वाकतो, म्हणून हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांतून दिसणारी दिशा खरी आहे. लांब तंगूस नेहमी वळणाच्या आतल्या बाजूला अधिक झुकतो. म्हणून लांब तंगूस ज्या बाजूला, त्याच बाजूला वळावे. वरच्या उदाहरणात डावीकडे वळले तर दोन्ही तंगूस एकमेकांपासून दूर जातील, आणि उजवीकडे वळले तर लांब तंगूस आखूड तंगुसावरून आडवा जाईल. मागावरचा ताणा ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळे सांगायला नको की ताण सारखा असेपर्यंत शेकडो धागे शेजारी शेजारी सुखाने राहतात, आणि एक जरी सैल पडला तरी तो शेजारच्यात शिरतो.

त्याच वळणात आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. कायाकचा वेग कायम असला तरी जवळचे आमिष त्याच्या 80 टक्के आणि लांबचे केवळ 60 टक्के वेगाने चालते. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे आणि त्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग ताशी 3 किलोमीटरवरून 4 वर नेला तर ओढ जवळजवळ 1.8 पट होते. त्यामुळे वेगातला लहानसा बदलही आमिषाची खोली बदलतो. शिसे लावलेले आमिष वेग कमी झाला की खाली जाते. ज्या तरंगत्या आमिषाच्या तोंडाशी तिरकी पट्टी असते, ते पाण्याच्या दाबाने खाली ढकललेले असते, म्हणून वेग कमी होताच वर येते. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेत कंपने जाणणाऱ्या केसासारख्या पेशी असतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही आमिषाच्या हालचालीतला हा बदल त्याला जाणवू शकतो. वळणावर मासा लागला, तर तो कोणत्या गळाला लागला हे टिपून ठेवावे. पुढच्या फेरीचा वेग आणि खोली त्यावरून ठरवता येते.

उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयात हे तंत्र वापरण्याआधी तिथले मासे लक्षात घ्यावेत. चिलापीचे पोट मुख्यतः शेवाळ आणि कुजक्या वनस्पतींवर भरते, तर कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. पळत्या आमिषामागे हे मासे सहसा धावत नाहीत. समुद्रातली सुरमई धावते, तशी इथे धावण्याची अपेक्षा मरळीसारख्या शिकारी माशाकडूनच ठेवता येईल, आणि मरळ काठाच्या उथळ, गवताळ पाण्यात राहते. म्हणून इथे दोन गळ पुरेत. तिसरा गळ गुंताच वाढवेल. मासेमारीची परवानगी आधी घ्यावी आणि दुपारच्या वाऱ्यात पाण्यावर जाऊ नये. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलेच असावे.

मासा लागला की वल्हे थांबते, कायाक थांबते आणि दुसऱ्या तंगुसाचा ताण जातो. त्या गळाला शिसे असेल तर तो तळाशी जाऊन, धरणात बुडालेल्या गावांच्या भिंतींत किंवा झाडांच्या खोडांत अडकू शकतो. तरंगते आमिष असेल तर ते वर येऊन पाण्यावर पडून राहते आणि पहिला मासा हाती येईपर्यंत तिथेच थांबते.