जुनं दिसणारं पान आणि झिजणारा कागद

स्क्रॅपबुकचं पान जुन्या वळणाचं कसं करायचं, हे शिकवणारे व्हिडिओ हल्ली भरपूर आहेत. बहुतेकांत सुरुवात एकच: कोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवा, कडा चुरगाळा आणि ओव्हनमध्ये वाळवा. रंग खरोखर सुरेख येतो. मग त्याच कागदावर आजीचं पत्र, आजोबांचा तरुणपणीचा फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण डकवलं जातं. चहानं रंगवलेल्या कागदाला माझी हरकत नाही. तो पत्राला टेकतो, याला आहे.

कागद जुना झाला की पिवळा पडणारच, असं आपण धरून चालतो. पण निव्वळ वय हे त्याचं कारण नाही. लिननच्या चिंध्यांपासून केलेले पाचशे वर्षांपूर्वीचे कागद आजही लवचिक सापडतात, आणि शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र मात्र घडी उलगडताना तुटतं. हा बदल १९व्या शतकातला. शाई पसरू नये म्हणून लगद्यात राळ आणि तुरटी घालण्याची पद्धत मॉरिट्झ इलिग यांनी १८०७ साली प्रसिद्ध केली. १८४०च्या दशकात फ्रीडरिख केलर यांनी लाकूड घासून त्याचा लगदा करण्याची युक्ती काढली. कागद स्वस्त झाला, पण तुरटीबरोबर त्यात आम्ल आलं आणि लाकडाबरोबर लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ. उजेडात नि हवेत पिवळं पडतं ते मुख्यतः लिग्निन. कागद ठिसूळ होतो तो प्रामुख्याने आम्लामुळे, आणि ते कसं घडतं हे जरा जवळून बघण्यासारखं आहे.

कागदाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. दोन मण्यांना जोडतो एक ऑक्सिजनचा अणू. आम्लातला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा आयन, नेमका या ऑक्सिजनवर जाऊन बसतो. त्यामुळे ऑक्सिजनचा शेजारच्या कार्बनशी असलेला बंध सैल होतो आणि तुटतो. कार्बनवर क्षणभर धनभार उरतो. कागदात मुरलेल्या ओलाव्यातला पाण्याचा एक रेणू लगेच तिथे चिकटतो आणि चिकटताना आपला एक प्रोटॉन सोडून देतो. या सगळ्यात खर्ची पडलं ते पाणी. प्रोटॉन जेवढे होते तेवढेच राहिले, पुढचा जोड तोडायला मोकळे. म्हणून कागद मोडायला आम्ल थोडंसंही पुरतं.

आता हिशेब करा. १,००० मण्यांच्या माळेत ९९९ जोड असतात. त्यातले फक्त ४ तुटले, तरी माळेचे पाच तुकडे होतात, सरासरी २०० मण्यांचे. तुकड्यांची लांबी एवढी घटली की कागद घडी सोसत नाही. म्हणजे ९९५ जोड शाबूत असताना कागद निकामी! वजन तेच, अक्षरंही तशीच. शिवाय सेल्युलोजच्या माळा सगळीकडे सारख्या रचलेल्या नसतात. काही भागांत त्या स्फटिकासारख्या घट्ट बसलेल्या असतात, तिथे आम्लाला शिरकाव नाही. मधल्या विस्कळीत भागांत पाणी आणि आम्ल सहज पोचतं, आणि स्फटिकी भागांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या माळा तिथूनच जातात. घाव पडतो तो असा वर्मी. भरीस भर, कागद झिजताना फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्लं तयार होतात आणि ती पुढची झीज वाढवतात.

आम्लता पीएचमध्ये मोजतात, अंक जितका लहान तितकं आम्ल जास्त. काळ्या चहाचा पीएच साधारण ५ असतो. उदासीन पाण्याचा ७. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, तेव्हा चहात हायड्रोजन आयन शंभरपट. ओव्हनची गोष्ट आणखी बोलकी आहे: कागद किती टिकेल हे तपासायला प्रयोगशाळेत तो १०५ अंश सेल्सिअसला तापवून मुद्दाम म्हातारा करतात.

हे आम्ल आपल्या कागदापुरतं थांबत नाही. एखाद्या जुन्या पुस्तकात बरीच वर्षं राहिलेलं कात्रण उचलून बघा. खालच्या पानावर त्याच आकाराचा तपकिरी ठसा दिसेल, चौकोनाच्या कडा स्पष्ट, आणि पानाचा उरलेला भाग स्वच्छ. चहाच्या पानावर डकवलेल्या पत्राच्या पाठीलाही हाच संसर्ग होतो.

त्यामुळे माझं मत असं: जुनेपणाचा रंग छापून आणावा. पत्र स्कॅन करून त्याची प्रत पानावर लावा आणि हवा तेवढा तपकिरीपणा त्या छपाईत घ्या. मूळ पत्रच लावायचं असेल तर ते पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा किंवा कागदी कोनांत अडकवा. सेलोटेप नकोच, त्यातला चिकट द्रव कागदात झिरपून पिवळा डाग धरतो.

पानासाठी कागद घेताना नुसत्या ‘ॲसिड-फ्री’ शिक्क्यावर भाळू नका. आज आम्ल नाही, एवढंच तो सांगतो. उद्या तयार होणारं आम्ल मारायला कागदात कॅल्शियम कार्बोनेटचा साठा लागतो. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात हा साठा किमान २ टक्के आणि पीएच ७.५ ते १० सांगितला आहे. लॅमिनेशनला कायमचं संरक्षण म्हणून विकतात, ते तर मला साफ अमान्य. उष्णतेनं चिकटवलेलं ते प्लास्टिक परत निघत नाही आणि कागदातलं आम्ल आतच कोंडलं जातं. पीव्हीसीची पाकिटंही टाळा. जुनी होताना त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं.

कार्बोनेटवाला कागदही सरसकट चालत नाही. सायनोटाइप पद्धतीचे जुने निळे फोटो अशा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, कागदाच्या सहवासात फिके पडतात. रेशमी फीत किंवा बाळाचं जावळ प्रथिनांचं बनलेलं असतं, त्यालाही अल्कली मानवत नाही. या वस्तूंच्या मागे साठा नसलेला, उदासीन कागद घालावा. दाबून वाळवलेल्या फुलाला स्वतंत्र पाकीट द्यावं, कारण त्याच्यातली आम्लं आणि रंग शेजारच्या कागदात उतरतात.