माझदाचं इंजिन, घरी बनवलेलं विमान आणि पहिले 40 तास

विमानाला गाडीचं इंजिन लावायचं म्हटलं की विमानवाले आधी कपाळाला हात लावतात, आणि ते माझदा ह्या जपानी कंपनीच्या आरएक्स-7 स्पोर्ट्स कारमधलं रोटरी आहे म्हटल्यावर तर विषयच संपला. तरी अमेरिकेत लोक हे कित्येक वर्षं करतायत. तिथे कायद्यातच सोय आहे, विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौसेपोटी स्वतः केलेलं असेल (51 टक्क्यांचा नियम म्हणतात त्याला) तर एफएए (तिथलं सरकारी विमान खातं) ते 'एक्स्पेरिमेंटल' म्हणून पास करते आणि इंजिन कुठलं बसवायचं ते तुमचं तुम्ही बघा. सर्टिफाइड (विमानासाठी सरकारमान्य) इंजिन आणि त्याचाच सर्टिफाइड प्रॉपेलर असेल तर उडवून टेस्टिंग साधारण 25 तास, गाडीचं इंजिन असेल तर 40. हल्ली तास मोजण्याऐवजी ठरावीक टेस्ट पूर्ण करायचाही पर्याय आहे, पण 40 हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. एवढं होईपर्यंत पॅसेंजर घ्यायचा नाही, ठरलेल्या एरियाबाहेर जायचं नाही, दाट वस्तीवरून उडायचं नाही.

आता रोटरीच का? तर ह्या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. फेलिक्स व्हँकेल ह्या जर्मन माणसाच्या डोक्यातली आयडिया, एनएसयू कंपनीत 1957 ला पहिलं चाललं आणि पुढे माझदाने ते खऱ्या अर्थाने नांदवलं. फुगीर कडांचा त्रिकोणी रोटर, थेट समोसाच, इंग्रजी 8 च्या आकड्याकडे झुकलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये फिरतो आणि फिरता फिरता त्याच्या तीन बाजूंना हवा घेणं, दाबणं, पेटणं, धूर टाकणं सगळं चालू असतं. माझदाच्या दोन रोटरच्या 13बी इंजिनात मुख्य हलणारे भाग मोजून तीन, दोन रोटर आणि एक शाफ्ट. कपॅसिटी कागदावर 1308 सीसी आणि नीट ट्यून केलं तर टर्बोशिवाय 160-180 हॉर्सपॉवर. तेवढ्याच ताकदीच्या लायकमिंग ओ-360 ह्या विमानाच्या नेहमीच्या पिस्टन इंजिनाला जवळपास 5.9 लिटर लागतात! अर्थात ही तुलना थोडी चीटिंग आहे कारण रोटरीचा सीसी मोजायची पद्धतच वेगळी, पण आकाराने ते लहान असतं हे खरं. (पहिल्या महायुद्धातली सिलिंडरसकट गरगरणारी इंजिनं वेगळी, त्यांचा ह्याच्याशी काही संबंध नाही.)

ही ताकद मिळते मात्र 6000 च्या वर आरपीएमला (मिनिटाला फेरे). रोटर स्वतः तेव्हा 2000 नेच फिरत असतो कारण शाफ्टचे तीन फेरे म्हणजे रोटरचा एक, पण प्रॉपेलर शाफ्टला डायरेक्ट लावला तर वाट लागेल. 72 इंची प्रॉपेलर 6000 ला फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला 570 मीटरच्या वर जातो आणि आवाजाचा वेग आहे 340. म्हणजे नुसता कानठळ्या बसवणारा गोंगाट आणि ओढ काहीच नाही. म्हणून मध्ये रिडक्शन गिअरबॉक्स, 2.85 ला 1 वगैरे, मग 6000 चे 2100 होतात. इथेच पहिली गोम आहे, इंजिन कंपनीने लाखो बनवलेलं पण हा गिअरबॉक्स, त्याचं माउंट, रेडिएटर, पेट्रोलच्या लाइन, सायलेन्सर हे सगळं ह्या एकाच विमानापुरतं जुळवलेलं. टेस्ट फ्लाइंगमध्ये खरी परीक्षा रोटरची नसतेच, त्याच्याभोवतीच्या ह्या जुगाडाची असते.

त्यात सगळ्यात जास्त छळतं ते कूलिंग. रोटरीत पेट्रोल कायम हाउसिंगच्या एकाच बाजूला पेटतं, म्हणजे प्लगची बाजू सतत तापलेली आणि इनटेकची त्यामानाने थंड. पाण्यात हवेचा बुडबुडा राहिला आणि तो नेमका प्लगपाशी जाऊन बसला की तिथलं पाणी उकळतं आणि गेज मात्र निवांत दाखवत राहतं. शिवाय बाहेर टाकायच्या उष्णतेतला जवळपास एक तृतीयांश वाटा पाण्यातून नाही, ऑइलमधून जातो, त्यामुळे ऑइल कूलर शोभेपुरता लावून चालत नाही.

आणि हवा फुकट मिळते असं वाटतं ना, तसं नाहीये. 100 नॉट्सला (ताशी 185 किमी) समोरच्या हवेचा सगळा दाब मोजला तर तो जेमतेम 16 सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा भरतो. तेवढ्यावर हवा रेडिएटरच्या बारीक जाळीतून ढकलायची. 180 नॉट्सला तोच दाब 53 सेंटिमीटर होतो कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे टेकऑफनंतर चढताना, जेव्हा इंजिन फुल्ल पॉवरला असतं, नेमकं तेव्हाच वारा सगळ्यात कमी. मग लोक काय करतात, रेडिएटरच्या पुढे आणि मागे बारीक नळ्या लावून त्या कॉकपिटमध्ये आणतात, U आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरतात आणि उडताना दोन्हीकडच्या पातळीतला फरक पट्टीने बघतात. काही जण डक्टच्या (रेडिएटरकडे हवा नेणाऱ्या बोगद्याच्या) आत लोकरीचे धागे चिकटवून छोटा कॅमेरा लावतात. धागे सरळ पडले तर हवा चिकटून वाहतेय, गोल गोल नाचायला लागले की समजायचं तेवढा रेडिएटर फुकट गेला. नवखा माणूस आधी समोरचं भोक मोठं करतो, पण बऱ्याचदा लोच्या रेडिएटरच्या कडेने हवा निसटते त्यात असतो, नाहीतर हवेला बाहेर पडायला जागाच कमी ठेवलेली असते. रबराच्या पट्ट्या लावून फटी बुजवल्या की टेंपरेचर खाली येतं आणि भोक मोठं केल्याने फक्त ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो.

उडण्याआधी जमिनीवरच्या टेस्ट. पेट्रोलची टेस्ट तर चुकवायचीच नाही, विमानाचं नाक चढताना असतं तेवढं उचलायचं, इंजिनाकडे जाणारा पाइप काढून कॅनमध्ये सोडायचा, पंप चालू करायचा आणि घड्याळ लावून मोजायचं. टेकऑफला ताशी 60 लिटर लागत असेल तर पंपाने किमान सव्वापट म्हणजे 75 लिटर, मिनिटाला सव्वा लिटर पडलंच पाहिजे. पंप नसेल, पेट्रोल नुसतं वरून खाली येत असेल तर दीडपट. मग टॅक्सी टेस्ट (विमान जमिनीवर चालवून बघणं), ब्रेक, शेपूट उचलून बघणं. ह्यात एक धोका असा की रनवेवर सारखं पळवत राहिलं की नको तेव्हा विमान उचललं जातं आणि माणूस तयार नसतो.

पहिलं फ्लाइट एकट्याने, सकाळी वारा पडलेला असताना. प्लॅन अगदी बोअर पाहिजे, एअरपोर्टच्या वरच गोल गोल चढत जायचं म्हणजे इंजिन बंद पडलं तरी रनवे तरंगत गाठता येईल. पण टेकऑफनंतर पहिले काहीशे फूट असे असतात की तिथे इंजिन गेलं तर मागे वळायचंच नाही, नाक खाली आणि समोर जे दिसेल तिथे. वळायला गेलेले बरेच लोक स्टॉल होऊन, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल सुटून, गेलेत. ह्याच वेळी ऑइलचं टेंपरेचर चढत असतं आणि नजर वारंवार तिकडे जाते, म्हणून बरेच जण अलार्म लावून ठेवतात, काटा अलार्मने बघायचा आणि डोळ्यांनी बाहेर बघायचं. हे मला फार पटतं.

अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) 2012 मध्ये घरगुती विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात इंजिन फेल होणं आणि हवेत कंट्रोल सुटणं ही दोन कारणं वर आली आणि बरेच अपघात विमानाच्या सुरुवातीच्या तासांतले निघाले. रोटरीची ख्याती अशी की एपेक्स सील (रोटरच्या टोकाची पट्टी) तुटलं किंवा ओव्हरहीट झालं तरी ते धापा टाकत चालत राहतं, जमिनीवर उतरवून देतं आणि मग परत स्टार्ट होत नाही. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) नाही, म्हणजे वीज गेली की इंजिन गेलं, त्यामुळे दोन बॅटऱ्या, दोन इंजेक्शन कॉम्प्युटर असा थाट. प्लग मात्र एका रोटरला मुळातच दोन असतात, तेवढं माझदाने फुकटात दिलंय. आणि एक्झॉस्ट, 900 अंशांच्या पुढचा धूर आणि बंदुकीच्या बारासारखे दणके, गाडीचा सायलेन्सर आतून फाटतो आणि तुकडा अडकला तर पॉवरच जाते.

आपल्याकडे हौशी माणसाने रोटरी उडवणं अजून लांबची गोष्ट आहे, पण इंजिन मात्र परकं नाही. डीआरडीओच्या निशांत ह्या बिनपायलटच्या विमानासाठी 55 हॉर्सपॉवरचं व्हँकेल इंजिन देशात बनवलं, त्यात डीआरडीओच्याच नगरच्या व्हीआरडीई ह्या वाहन-संशोधन प्रयोगशाळेचा हात होता, आणि 2009 मध्ये ते कर्नाटकात कोलारला उडालंही. तिथे टेस्टिंगला अख्खी टीम असते, गॅरेजवाल्याकडे तो स्वतः आणि फार तर एखादा मित्र.

40 तासांत सुरुवातीचे दहा-बारा इंजिनाच्या भानगडीत जातात, बाकीच्यात स्टॉल स्पीड, चढायचा सर्वोत्तम वेग, मागच्या सीटवर वाळूच्या पिशव्या बांधून वजन वाढवत नेणं हे चालतं. सगळं झालं की बनवणारा लॉगबुकमध्ये लिहून देतो की विमान सगळ्या नेहमीच्या वेगांना नीट कंट्रोल होतं आणि त्यात धोकादायक काही नाही, मग पहिला पॅसेंजर. पण पुढे प्रॉपेलर वेगळ्या टाइपचा लावला किंवा असाच मोठा बदल केला की परत टेस्टिंग, निदान 5 तास, आणि रोटरीवाल्यांना बदल केल्याशिवाय राहवत नाही.