निळ्या मुलाच्या मेंदूची शस्त्रक्रिया आणि भूल : पार्श्वभूमी

जन्मजात हृदयविकार आणि मेंदूतलं गळू यांचा संबंध लंडनच्या जॉन फॅर यांनी १८१४ मध्येच नोंदवला होता. त्यामागचं कारण समजायला मात्र फार काळ जावा लागला. शिरांतून परतलेलं रक्त एरवी फुप्फुसांतल्या बारीक केशवाहिन्यांतून गाळून निघतं आणि जंतू तिथेच अडतात. आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये मार्सेयहून वर्णन केलेल्या विकारात फुप्फुसाकडची वाट अरुंद असते आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं. त्यामुळे काही रक्त ही गाळणी चुकवून थेट महारोहिणीत (शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत) शिरतं. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून अशी मुलं निळसर दिसतात (तीच ‘निळी मुलं’) आणि शरीर तांबड्या पेशी वाढवतं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ६०-६५ टक्क्यांवर गेला की रक्त दाट होतं, मेंदूचा एखादा बारीक भाग रक्ताविना मरतो आणि जंतू तिथे ठाण मांडतात.

या गळवांवर पद्धतशीर शस्त्रक्रिया उभी केली ती ग्लासगोच्या विल्यम मॅकएवन यांनी. त्यांचा ग्रंथ १८९३ चा. तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून क्लोरोफॉर्म देण्याचा प्रयोगही १८७८ मध्ये याच मॅकएवननी केला होता. मेंदूची शस्त्रक्रिया आणि सुरक्षित श्वासमार्ग, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, हे भूलतज्ज्ञांनी आवर्जून लक्षात ठेवावं. पुढे १९२६ मध्ये वॉल्टर डँडी यांनी कवटीला लहान भोक पाडून पू सुईने ओढून काढण्याची रीत मांडली.

हृदयाच्या बाजूने पहिलं मोठं पाऊल २९ नोव्हेंबर १९४४ ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पडलं : ब्लॅलॉक, टाउसिग आणि थॉमस यांचा शंट, म्हणजे फुप्फुसांकडे जादा रक्त नेणारी कृत्रिम जोडवाट. त्या बाळाला भूल दिली मेरेल हार्मेल यांनी. त्यांनी आणि ऑस्टिन लॅमाँट यांनी १९४६ मध्ये हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला. निळ्या मुलांच्या भुलेचं शास्त्र तिथून सुरू झालं.

मेंदूची भूल आणि हृदयाची भूल या दोन शाखा यानंतर आपापल्या वाटेने वाढल्या आणि त्यांचे नियम एकाच टेबलावर आले की भांडू लागले. मेंदूचा दाब उतरवायचा तर मॅनिटॉल (मेंदूतलं पाणी ओढून घेणारं औषध) द्या, पाणी आवरा. निळ्या हृदयाला मात्र भरपूर पाणी आणि आकसलेल्या धमन्या हव्यात, कारण शरीराच्या धमन्या सैलावल्या की फुप्फुसाकडे जाणारं रक्त आणखी घटतं. म्हणून मॅनिटॉल द्यायचंच तर वजनाच्या दर किलोला ०.२५ ते ०.५ ग्रॅम, तेही १५-२० मिनिटांत सावकाश. घाईने दिलं तर आधी धमन्या फुलून रक्तदाब पडतो आणि मागून लघवीवाटे पाणी जातं. दोन्हींनी स्पेल, म्हणजे फुप्फुसाकडचं रक्त अचानक घटून मूल आणखी निळं पडण्याचा झटका, येऊ शकतो. मूल उपाशी ठेवतानाही सलाइन चालू हवं, नाहीतर दाट रक्तात गुठळी व्हायची भीती.

स्पेल आला की सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, टक्क्यांत) बघता बघता ८० वरून ५० च्या खाली येतं. एरवी मुलाचे गुडघे पोटाशी घेतात. डोकं पिनांत अडकवून वर कापडं पसरलेली असताना ते जमत नाही, आणि पोट दाबलं तर मेंदूचा दाबही वाढतो. मग शंभर टक्के ऑक्सिजन, भूल गडद करणं, किलोला १० मिली सलाइन आणि फेनिलएफ्रिन (धमन्या आकसवणारं औषध) किलोला १-२ मायक्रोग्रॅम. हृदयाचे ठोके फार वाढलेले असतील तर ते मंदावणारं एस्मोलॉल. फेनिलएफ्रिनने हृदयातला उलटा प्रवाह कमी होतो आणि मेंदूला रक्तही पुरतं. दोघांनाही मानवणारं असं औषध विरळाच.

केटामाइन या भुलेच्या औषधाला अमेरिकेत १९७० मध्ये मान्यता मिळाली. धमन्या आकसलेल्या ठेवतं म्हणून हृदयवाल्यांना ते आवडलं. मात्र मेंदूचा दाब वाढवतं असे अहवाल आले आणि मेंदूवाल्यांनी ते वर्ज्य ठरवलं. श्वास यंत्राने चालवून कार्बन डायऑक्साइड ताब्यात ठेवला तर तशी वाढ सहसा होत नाही, हे पुढच्या अभ्यासांतून दिसलं. आज किलोला १-२ मिलिग्रॅम देऊन भुलेची सुरुवात करणारे बरेच आहेत आणि ते योग्यच आहे.

१९७१ मध्ये सीटी स्कॅन आला आणि गळवाची नेमकी जागा दिसू लागली. मोठ्या, समजूतदार मुलांत टाळूच्या नसा बधिर करून, हलक्या गुंगीत पू काढणं शक्य झालं. गळू आधी आणि हृदय नंतर, हा क्रमही ठरला : हृदय दुरुस्त करताना लागणाऱ्या हार्ट-लंग मशीनसाठी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्यावंच लागतं आणि त्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे भूलतज्ज्ञाच्या वाट्याला दुरुस्त न झालेलं हृदयच येतं. सलाइनच्या नळीतला एक बुडबुडाही इथे थेट मेंदूत पोचू शकतो, त्यामुळे प्रत्येक जोड टिचकी मारून तपासावा लागतो. मॉनिटरवरचा कार्बन डायऑक्साइड रक्तातल्यापेक्षा कमी दिसतो. खरा आकडा धमनीतल्या रक्ताच्या तपासणीतच कळतो.

विल्यम ग्लेन (१९५८) आणि फ्रान्सिस फॉन्टान (१९६८) यांच्या, शिरांतलं रक्त हृदय वगळून थेट फुप्फुसांत नेणाऱ्या शस्त्रक्रियांनी नवाच पेच आणला. ग्लेन झालेल्या मुलात डोक्याकडून परतणारं रक्तच थेट फुप्फुसांत जातं. मेंदूचा दाब उतरवायला श्वास वाढवला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, फुप्फुसाला रक्त कमी पोचतं आणि सॅच्युरेशन घसरतं. अशा वेळी कार्बन डायऑक्साइड ४० मिमी पाऱ्याच्या आसपास ठेवायचा, मान सरळ, डोकं १५ ते ३० अंश वर, आणि मेंदूची सूज ३ टक्के सलाइनने उतरवायची.