लाल मुनिया

लाल मुनिया (अमांडावा अमांडावा) हा भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारा दाणे खाणारा चिमुकला पक्षी आहे. त्याची लांबी जेमतेम १० सेंमी. १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. फिंच (दाणे खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा एक गट) म्हणून ओळखला जात असला, तरी तो खऱ्या फिंचांच्या कुळातला नसून मुनियांच्या एस्ट्रिल्डिडी कुळातला आहे.

विणीच्या हंगामातला नर ओळखायला पुस्तक उघडावे लागत नाही: किरमिजी लाल अंग, पंखांवर आणि कुशीवर पांढरे ठिपके, काळी शेपटी. खरी परीक्षा इतर महिन्यांत होते. हंगाम सरला की नर ही लाल पिसे टाकतो आणि मादीसारखा तपकिरी दिसू लागतो. या कुळातल्या बहुतेक पक्ष्यांत असा वेषपालट होत नाही. त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस दिसलेला तपकिरी थवा नुसत्या माद्यांचा आहे असे समजू नये. अशा वेळी शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या खालच्या भागावर लाली शोधावी. ती मादीलाही असते. पंखांवरचे पांढरे ठिपकेही पाहावेत. मादीला ते मोजके असतात. चोचीवर मात्र एकट्या विसंबू नये. ती मे महिन्यापासून लाल होऊ लागते, नोव्हेंबर-डिसेंबरात गडद होत जाते आणि एप्रिलमध्ये काळी पडते. पिल्लांची चोच काळपट असते आणि शेपटीच्या मुळाशी लालीही नसते, म्हणून सर्वांत जास्त फसगत त्यांच्याबाबतच होते.

पाणथळ जागेजवळचे उंच गवत, बोरूची बेटे आणि उसाची शेते हा यांचा आवडता अधिवास. थव्यातले पक्षी सतत बारीक आवाजात एकमेकांना साद घालतात. बरेचदा ती किणकिण आधी कानी येते आणि पक्षी मागाहून दिसतो. भारतात वीण मुख्यतः पावसाळ्यात होते, कारण तेव्हा गवत उंच वाढलेले असते आणि बी भरपूर मिळते. गवताच्या पात्यांच्या गोलसर घरट्यात मादी साधारण ५-६ पांढरी अंडी घालते.

हा देखणा रंगच त्याच्या जिवावर उठला. शेकडो वर्षे तो पिंजऱ्यासाठी पकडला आणि परदेशी पाठवला गेला. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांची प्रजा आज स्पेन, फिजी, हवाई अशा दूरच्या ठिकाणी नांदते आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे.